पळणं थांबलं, आता ग्रुपमध्ये माझं काय?

घाटातला

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी साताऱ्याचा. वय ५३, इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. सात वर्षांपूर्वी शुगर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता पळायला लागलो आणि पळता पळता एका ग्रुपात शिरलो. साताऱ्यात यात नवल काही नाही. २०१२ पासून इथं दरवर्षी डोंगरातली हाफ मॅरेथॉन होते, २०१५ साली तर तिनं गिनीज बुकात नाव लावलं. निम्म्या गावाच्या पायात तेव्हापासून बूट आहेत. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा, कास रोडनं पुढं जायचं, वळायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं. चढताना फुफ्फुसं जातात, उतरताना गुडघे. माझा उतरतानाच गेला.

आमचा ग्रुप दर रविवारी पहाटे ५:१५ ला समर्थ मंदिरापाशी जमतो. सुरुवातीला नऊ जण होतो. आता व्हॉट्सॲपवर १४०, प्रत्यक्षात येणारे पंचवीस-तीस. एवढ्या वर्षांत एकमेकांची काय काय माहिती झाली म्हणता! आदल्या रात्री राजमा खाल्ला की घाटात झाडामागं कोण जाणार, कुणाच्या डाव्या अंगठ्याचं नख दर पावसाळ्यात काळं पडतं, सगळं पाठ. घरी कुणाचं वाजलंय तेही कळतं. तोंडानं कुणी सांगत नाही, चढावर उगाच वेग वाढलेला असतो.

आणि माहीत काय नव्हतं? दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकाचे वडील गेले. सगळे संगम माहुलीला गेलो. तिथं त्याच्या भावकीतल्या कुणीतरी मला विचारलं, "तुम्ही कोणाकडचे?" मी त्याचं नाव घ्यायला गेलो तर मला त्याचं आडनावच आठवेना. आठवेना कसलं, कधी माहीतच नव्हतं. माझ्या फोनमध्ये "पळायचे डॉक्टर", "पळायच्या मॅडम", "पळायचे पाटील" अशी नावं आहेत, आणि हा पठ्ठ्या "पळायचा पिवळे बूट". त्याच्या फोनात मी "पळायचे इलेक्ट्रिक" आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या दिवाळीच्या तोंडाला गुडघ्यात कळ आली. मेनिस्कसला, म्हणजे गुडघ्यातल्या गादीला चीर. पळणं बंद. पहिले पंधरा दिवस फोनवर फोन, पळायच्या मॅडमनी निर्गुडीचं तेल आणून दिलं. मग हळूहळू थांबलं सगळं. सवयीनं साडेचारला जाग येतेच. पडल्या पडल्या ग्रुप वाचतो. "निघालो." "चौकात आलोय." "दोन मिनिटं." आठ वाजता पोह्यांचा फोटो.

महिन्यापूर्वी दूध आणायला निघालो होतो, समोरून अख्खी टोळी आली. हात केले, "काय काका, कधी येताय?" म्हणाले आणि गेले. थांबलं कुणी नाही. रागवायला मला तोंड नाही. सात वर्षांत मी तरी कुणासाठी थांबलो? घड्याळ चालू असतं ना. पण दुधाची पिशवी घेऊन मी तिथं बराच वेळ उभा राहिलो.

तर ग्रुप सोडू का? सोडला तर १४० जणांना दिसणार आणि कारणं सांगत बसायचं. न सोडावा तर रोज पहाटे ते टिंगटिंग. पळणं बंद झाल्यावर तुमच्या ग्रुपाशी तुमचं काय झालं, सांगा.

चहाबाज

"पळायचा पिवळे बूट"ला फुटलो! बाकी प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

एकलकोंडा

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. ही मैत्री नव्हतीच, सोबत होती. दोन्हींत गल्लत केली की त्रास होतो. एकाच वेळी एकाच रस्त्यावर असणारी माणसं, एवढाच संबंध. रस्ता सुटला की संबंध सुटला, त्यात कुणाची चूक नाही.

मी पुण्यात वेताळ टेकडीवर बारा वर्षं एकटा पळतोय. ग्रुपात होतो दीड वर्ष. आधी टीशर्टचा रंग, मग टीशर्टवर लोगो कुणाचा, मग फी, मग पेसप्रमाणे, म्हणजे पळण्याच्या वेगाप्रमाणे अ-ब-क तुकड्या. 'क' तुकडीतल्या माणसाला 'अ' तुकडीतला ओळख दाखवेना. सोडून दिलं. टेकडीवर मोर दिसतात, ते पेस विचारत नाहीत.

तुमच्यासाठी उत्तर: ग्रुप म्यूट करा. सोडूही नका, वाचूही नका.

आठबारा फास्ट

एकलकोंडा यांच्याशी निम्मा सहमत. कल्याणहून बावीस वर्षं एकाच गाडीच्या एकाच डब्यातून गेलो. सोबत आणि मैत्री यांच्यात रेघ मारणं इतकं सोपं नाही हो. आमच्या डब्यातल्या एकाला दादरला उतरताना छातीत दुखायला लागलं, तर सहा जण ऑफिसं सोडून त्याच्याबरोबर हॉस्पिटलात. त्याच्या घरी कोण कोण असतं हे तेव्हा कळलं आम्हाला.

रिटायर झाल्यावर मला वाटलं, संपलं. पहिल्या दसऱ्याला फोन आला, "डब्याची पूजा आहे, हार तुम्ही आणायचे." दादरहून हार आणायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडं होतं. म्हणजे बोलावलं ते मला की हारांना, कोण जाणे. पण गेलो. आता दर दसऱ्याला एक दिवसाचा पास असल्यासारखा जातो.

जानेवारीत पेडर रोडला मुंबई मॅरेथॉन बघायला उभा राहतो हल्ली. तीस किलोमीटर पळून आलेली माणसं तो चढ चढत असतात, त्यांचे चेहरे बघा एकदा. लोक घरून संत्री सोलून आणतात, चिक्की आणतात. पळणारा घेतो आणि बघतही नाही कुणी दिली. देणाऱ्याचं काही बिघडत नाही.

रंकाळ्याकाठी

घाटातलादादा, तुमच्या लेखातलं एकच वाक्य मला खटकलं. "घड्याळ चालू असतं ना." कुणाचं घड्याळ?

आम्ही कोल्हापुरातल्या पाच बायका. सहा वर्षं झाली. आम्हाला ग्रुप का लागला ते सांगते. पहाटे सव्वापाचला एकटी बाई रंकाळ्यावर पळायला निघाली की कुत्री मागं लागतात. कुत्र्यांचं एक वेळ चालतं. गाडी मुद्दाम हळू करून बाजूनं चालवत राहणारे असतात, त्यांचं काय करायचं? दोघी असलो तरी तेच. तिघी झालो तेव्हा कमी झालं, पाच झाल्यावर थांबलं. म्हणून आमच्यात पाचवीची किंमत पहिलीइतकीच. ती किती का हळू असेना, ती नसली तर कुणीच निघू शकत नाही. सासूबाईंनीही "पाच जणी आहात ना" एवढं ऐकूनच परवानगी दिली होती. पहिलं वर्ष मी ओढणी कंबरेला बांधून पळत होते, ट्रॅकपँट नंतर आली.

त्यामुळं आमच्यात नियम पहिल्यापासूनच आहे: पुढं गेलेलीनं वळणावर थांबायचं. घड्याळ थांबवायचं नसेल तर मागं पळत यायचं, आणि शेवटच्या बाईला घेऊन पुन्हा पुढं जायचं.

तिसऱ्या वर्षी आमच्यातल्या एकीची पिशवी काढली. सहा महिने पळायचं नाही. मग आम्ही जमायची जागाच तिच्या फाटकाशी केली. ठरवून नाही हां. तिच्या दारात दिवा असायचा आणि आम्हाला केस बांधायला, लेस आवळायला उजेड लागायचा. ती गाऊनवर स्वेटर घालून थर्मास घेऊन यायची. पाच मिनिटं बोलणं, मग आम्ही पळायला. दोन महिन्यांनी ती कोपऱ्यापर्यंत चालत यायला लागली.

सगळं गोड आहे असं नाही. एक जण इचलकरंजीला राहायला गेली. चार वर्षांत तिला मी एकदाही फोन केलेला नाही. हे लिहिताना लक्षात आलं.

चहाबाज

"पाचवीची किंमत पहिलीइतकीच." हे वाक्य आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये वापरणार, परवानगी असावी.

शब्दवेडा

विषयांतर. धाग्यात सगळे "पळणं" लिहितायत. पळणं म्हणजे भीतीनं जाणं, चोर पळतो. खेळाडू धावतो. पुण्यात आम्ही धावतो.

घाटातला

शब्दवेडा, आमच्याकडं अडचणीला माणसं धावून येतात आणि पहाटे पळतात. दोन्ही एकच माणसं असतीलच असं नाही, म्हणून तर धागा काढलाय.

टेम्सकाठी

इंग्लंडात गेली अकरा वर्षं. इथं पार्करन म्हणून प्रकार आहे, पुष्कळांना माहीत असेल. दर शनिवारी सकाळी ९ वाजता, जवळच्या बागेत, ५ किलोमीटर, फुकट. शर्यत नाही, पण वेळ नोंदवतात. पण तो सुरू कसा झाला हे फार जणांना माहीत नसतं, आणि या धाग्याशी त्याचा थेट संबंध आहे.

२००४ साली क्लबात पळणाऱ्या पॉल सिंटन-ह्युइट नावाच्या माणसाला दुखापत झाली. पळणं बंद, त्यात नोकरीही गेलेली. पळता येत नाही म्हणून मित्र भेटेनात. त्यानं काय केलं, तर मित्रांना म्हणाला, तुम्ही शनिवारी लंडनच्या बुशी पार्कात या, तुम्ही पळा, मी वेळ धरतो, मग सगळे मिळून कॉफीला जाऊ. २ ऑक्टोबर २००४ ला १३ जण आले. क्रमांक द्यायला त्यानं हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर वापरले. आज तोच प्रकार कितीतरी देशांत चालतो.

म्हणजे पळू न शकणाऱ्या माणसानं स्वतःसाठी काढलेला उद्योग आहे हा. अजूनही तो कामकऱ्यांवरच चालतो: वेळ घेणारा, वळणावर उभा राहून रस्ता दाखवणारा, बारकोड वाचणारा. सगळ्यात मला आवडतं ते शेवटी चालणाऱ्याचं काम. एक जण मुद्दाम सगळ्यांच्या मागं राहतो, म्हणजे दुसरं कुणीच कधी शेवटचं येत नाही.

मी इथं आल्यावर पहिलं वर्षभर कुणाशी बोलायला नव्हतं. एकदा वळणावर उभं राहायचं काम घेतलं. पावसात दीड तास उभा. साडेतीनशे माणसं समोरून गेली, त्यातली निम्मी "थँक्यू" म्हणाली. या देशात एका दिवसात माझ्याशी इतकी माणसं कधीच बोलली नव्हती.

एकलकोंडा

तिकडची गोष्ट वेगळी. आपल्याकडं स्वयंसेवक म्हणजे ज्याला काही जमत नाही त्याला दिलेलं काम. पाणी वाटायला उभा केलेला माणूस ग्रुप फोटोत नसतो, कारण फोटो तोच काढतो.

घाटातला

एकलकोंडांनी मनातलं लिहिलं. मला दोघा-तिघांनी सुचवलं होतं पाणी द्यायला या म्हणून. खरं सांगतो, अपमान वाटला. सव्वादोन तासांत डोंगर करणारा माणूस मी, आता टेबलामागं पेन्शनरासारखा उभा राहू? हा अहंकार आहे हे कळतं. कळून जात नाही.

चंद्रभागा

आषाढ चालू आहे म्हणून आठवलं. वारीत...

चहाबाज

आली! वारी आली! मी मोजतच होतो, कितव्या प्रतिसादाला येते ते.

चंद्रभागा

हसून झालं असेल तर लिहिते. वारीची उपमा देत नाहीये, दिंडीचा कारभार सांगतेय. आमच्या दिंडीबरोबर ट्रक असतो. सामान त्यात, स्वयंपाकाची भांडी त्यात, आणि ज्यांना चालवत नाही अशी दहाबारा माणसंही त्यातच. ही माणसं पुढच्या मुक्कामी आधी पोचतात, राहुट्या ठोकतात, चुली पेटवतात. माझी आई शेवटची चार वर्षं ट्रकातून गेली. रोज दीडशे माणसांची कणीक तिच्या देखरेखीखाली मळली जायची, आणि चालणारे मुक्कामी येईपर्यंत पिठलं तयार. "यंदा तुमची वारी झाली का?" असं तिला कुणी विचारलं असतं तर उलथनं घेऊन मागं लागली असती.

एवढंच.

चहाबाज

माफी. पुढच्या वेळी आधी वाचेन.

माणदेशी

मी फौजेतून निवृत्त. माण तालुक्यातला. ऑलिंपिकची फायनल गाठलेल्या ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या. २०१६ ला रिओत त्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाल्या तेव्हा मी ड्युटीवर होतो, मोबाईलवर बघितलं.

तुमचे रनिंग क्लब यायच्या आधीपासून आमच्याकडं क्लब होते, फक्त नाव नव्हतं. भरतीची पोरं म्हणायचे. पहाटे चारला डांबरीवर. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत निघाले तर पूर्ण मार्क. आम्ही सात जण होतो. बूट तिघांकडं, त्यामुळं बूट आळीपाळीनं. एकाकडं घड्याळ, तो सगळ्यांची वेळ घ्यायचा. त्याचा स्वतःचा वेळ कधी साडेपाचच्या आत आलाच नाही. सहाच्या आसपास घुटमळायचा. तरी रोज यायचा, सगळ्यांना उठवायला दारोदार तोच हिंडायचा.

आमच्यातले चार भरती झाले. तो नाही झाला. आम्ही ट्रेनिंगला गेलो त्या दिवशी स्टँडवर सोडायला आला होता. नंतर बारा वर्षं मी सुट्टीवर आलो की त्याच्या घरावरून जायचो, पण आत जायचो नाही. काय बोलायचं समजायचं नाही. निवृत्त झाल्यावर गेलो. म्हणाला, "आलास व्हय? लई उशीर केलास." घड्याळ अजून होतं त्याच्याकडं. चालत नव्हतं.

घाटातलासाहेब, ते लोक थांबत नाहीत ते कदाचित तुम्ही नकोसे झालात म्हणून नसेल. आपल्या पायाकडं बघून तुमची आठवण होते, त्याला तोंड कसं द्यायचं ते कळत नसेल. हे मी माझ्यावरून सांगतो.

गुडघेदुरुस्ती

मी फिजिओथेरपिस्ट. न तपासता सल्ला देत नाही, पण एक सामान्य गोष्ट: पन्नाशीनंतर एमआरआय काढला तर पुष्कळांच्या मेनिस्कसला चीर दिसते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना दुखतही नसतं. चीर दिसली म्हणजे पळणं कायमचं संपलं असं नाही. मांडीचे स्नायू भक्कम करा, सायकल, पाण्यात चालणं, मग तुमच्या डॉक्टरांना विचारून सपाटीवर थोडं थोडं. घाटाचा उतार मात्र सध्या विसरा.

आता ग्रुपाबद्दल. आम्ही सगळ्यांना सांगतो की आठवड्यातलं बरंचसं पळणं बोलता येईल इतक्याच वेगानं करा. दम लागून वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त. लोकांना वाटतं ही हृदयाची काळजी. आहेच. पण ज्या ग्रुपात हा नियम पाळतात तिथं माणसं खरोखर बोलतात आणि बोलल्यामुळं टिकतात. जिथं रोज शर्यत, तिथं बोलायला श्वासच उरत नाही. तुम्हाला सात वर्षांत आडनाव का कळलं नाही, त्याचं हे एक कारण असू शकेल. :)

ऑक्सफर्डच्या १२ वल्हेकऱ्यांवर केलेला एक छोटा प्रयोग आहे. तेवढाच व्यायाम एकट्यानं केला आणि एकत्र लयीत केला, तर एकत्र केल्यावर त्यांची दुखणं सहन करायची ताकद जास्त भरली. बाराच माणसं, त्यामुळं फार ताणू नका. पण एकत्र पळताना ज्याला दुखत नाही त्यालाच एकटं पडल्यावर दुप्पट दुखतं, हे माझ्या टेबलावर रोज दिसतं.

गोदाकाठ

मी नाशिकमध्ये एक ग्रुप चालवतो, म्हणून दुसरी बाजू. आमच्याकडं यादीत २१० जण. कुणी यायचं थांबलं की पहिले दोन रविवार वाटतं लग्नकार्य असेल. तिसऱ्याला वाटतं विचारावं. चौथ्याला वाटतं आता विचारलं तर "एवढे दिवस कुठं होतात" म्हणेल. आणि मग विचारायचं राहून जातं. अशी निदान वीस माणसं माझ्या खात्यावर आहेत.

गेल्या पावसाळ्यात आमचा एक जण लाँग रनला मागं राहिला, पाय मुरगळून रस्त्याकडेला दीड तास बसून होता. फोन घरी. आम्ही पोहे खाऊन घरी गेलो होतो. त्याच्या बायकोचा मला फोन आला, "हे अजून आले नाहीत." त्या दिवसानंतर एकच बदल केला: निघताना डोकी मोजायची आणि परत आल्यावर पुन्हा मोजायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण मोजायला न पळणारा माणूस लागतो. पळणारा मोजू शकत नाही, तो स्वतःच आकड्यात असतो.

घाटातला, पाणी हे निमित्त आहे हो. वर एक माणूस उभा आहे जो मोजतोय, हे माहीत असलं की मागचा माणूस बिनघोर पळतो. तुम्ही घाटाचं प्रत्येक वळण ओळखता. हे काम पेन्शनरचं नाही. २० लिटरचा जार, मीठ, साखर, लिंबं, केळी. स्टीलचे पेले न्या, प्लास्टिक नको. आणि एक वही.

रंकाळ्याकाठी

इचलकरंजीला फोन केला. पाऊण तास बोललो. ती तिथं एकटी पळते, छतावर. छतावर! मी काय बोलू.

घाटातला

(साडेतीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, माणदेशींचा जास्त वेळा.

ग्रुपात लिहिलं, "रविवारी यवतेश्वरला पाणी घेऊन थांबतो." चार अंगठे आले. पळायचे पाटील म्हणाले, लिंबू-मीठ-साखर पण आणा, आणि केळी बारकी आणा, मोठी संपत नाहीत. मी उपकार करायला निघालो होतो, माझ्यावर ऑर्डर पडली. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

बायको म्हणाली, "पळत होता तेव्हा पाचला जात होता, आता साडेचारला?" स्कूटरच्या पुढच्या मोकळ्या जागेत जार, मागं पिशव्या. समर्थ मंदिरापाशी डोकी मोजली. २६. वहीत लिहिली. मग त्यांच्या आधी वर गेलो. श्रावणातलं धुकं तुम्हाला सांगायला नको. स्कूटरचा दिवा पुढच्या पांढऱ्या पट्टीपर्यंतच जात होता.

पहिली तुकडी आली. दोन सेकंदांत पेला रिकामा, "एक नंबर काका," आणि गेले. पुन्हा तेच. दुधाची पिशवी आठवली. मग बाकीचे येत गेले. माकडांनी एक फणी नेली. वहीत २४ झाले. मग बराच वेळ कुणी नाही. पंचविसावा आला. सव्विसावं डोकं येईना.

पुढचे तोवर कास रोडनं वळून परत उतरायला लागले होते. त्यांना विचारलं तर कुणालाच माहीत नाही कोण राहिलं. स्कूटर खाली घेतली. दोन वळणं उतरल्यावर एक ताई दिसल्या, कठड्याला धरून उभ्या. अंगणवाडीत आहेत, तीन महिन्यांपासून येतात. मी म्हटलं, काही होतंय का? म्हणाल्या, "काही नाही, परत फिरत होते. दर रविवारी इथपर्यंत येते, तेवढ्यात सगळे उतरताना भेटतात, मग मी त्यांच्याबरोबर मागं फिरते. वर काय आहे ते अजून बघितलं नाही."

सात वर्षं मी उतरताना भेटलेल्या अशा माणसांना "चला चला, थोडंच राहिलंय" म्हणत आलोय. आणि ती माझ्यामागं खाली येत होती.

म्हटलं, चला, आज वर जाऊ. त्या पुढं, मी मागून स्कूटर पहिल्या गिअरच्या चालीनं, दिवा लावून. जारातलं पाणी डचमळत होतं. मधे त्या दोनदा थांबल्या, मीही थांबलो. वर पोचायला अर्धा तास लागला. आणि वर काय? धुकं. दहा फुटांवरचं दिसत नव्हतं. त्या खो खो हसत सुटल्या. "एवढ्यासाठी येता होय तुम्ही सगळे?" तीन पेले सरबत प्यायल्या.

खाली आलो तर बहुतेक मंडळी पांगलेली. पिवळे बूट तेवढा टपरीवर बसला होता, बूट काढून, मोजे पिळत. दोन प्लेट पोहे झाकून ठेवायला लावले होते त्यानं. गेल्या वर्षी बूट बदललेत, निळे आहेत आता, मला माहीतच नव्हतं. वडिलांविषयी विचारलं. बराच वेळ बोलला. आडनाव विचारून घेतलं. इथं लिहीत नाही.

निघताना ताईंनी फोन काढला. "काका, नंबर द्या, पुढच्या रविवारी उशीर झाला तर कळवते." मी नंबर सांगितला. नाव विचारलं नाही त्यांनी. टाईप करताना दिसलं: "स्कूटर काका घाट".

ग्रुप सोडलेला नाही. टिंगटिंग चालू आहे. एक अडचण: जारची तोटी गळते, स्कूटरचं पायदान भिजतं. उपाय सांगा.

माणदेशी

वाचलं. पाण्याचं राहू द्या, वही जपून ठेवा.

चंद्रभागा

तोटीच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. इलेक्ट्रिकचं दुकान असून हे विचारताय?

घाटातला

प्लंबिंग आमच्या लाईनीत येत नाही हो. शेजारच्याचा धंदा आहे तो.

एकलकोंडा

पुढच्या शनिवारी एका लग्नासाठी साताऱ्यात मुक्काम आहे. रविवारी सकाळ मोकळी. पळणार मी माझा एकटाच, आधीच सांगून ठेवतो. पण किती वाजता म्हणालात?

घाटातला

५:१५, समर्थ मंदिर. एकटेच पळा, काही हरकत नाही. वहीत २७ लिहितो. येताना अर्धा डझन लिंबं आणा, आमच्या मंडईत महाग झालीत.